दान नव्हे, देणे

न्हावा शेवा बंदरातून माल मागविणाऱ्या व्यापाऱ्याला एक गोष्ट कोणी शिकवावी लागत नाही. कंटेनर उघडल्यावर आतील डाळीला बुरशी लागलेली दिसली किंवा मसाल्याच्या पोत्यांना पाणी लागलेले आढळले, तर पहिल्या तासात कोणाला फोन करावयाचा हे त्याच्या दुकानातील मुनीमजींनाही ठाऊक असते. क्लिअरिंग एजंट येतो, सर्व्हेअर येतो, सीलचा क्रमांक टिपून घेतला जातो, छायाचित्रे निघतात. नुकसान वरवर दिसणारे नसेल तर माल ताब्यात घेतल्यापासून तीन दिवसांच्या आत जहाज कंपनीला लेखी सूचना द्यावयाची, दावा लावावयाचा तर एका वर्षाच्या आत लावावयाचा, हा समुद्रमार्गे मालवाहतुकीचा जुना नियम. पिढ्यान्पिढ्या व्यापार करणाऱ्या घरांत हे ज्ञान बाळकडूप्रमाणे मिळते. बिगारी पावती असो की बिल ऑफ लेडिंग, कागद जपून ठेवण्याची सवय अंगात मुरलेली असते.

हाच व्यापारी, किंवा त्याच्या गोदामातील हमाल, किंवा ट्रेलरचा क्लीनर, त्याच बंदराच्या रस्त्यावर अपघातात सापडला तर चित्र पार बदलते. जवळचे ते उरणचे ग्रामीण रुग्णालय. तेथून पनवेलचे उपजिल्हा रुग्णालय, अलिबागचे जिल्हा रुग्णालय, किंवा १२ जानेवारी २०२४ रोजी अटल सेतू खुला झाल्यापासून थेट शिवडीला उतरून मुंबईची मोठी सरकारी आणि महापालिकेची रुग्णालये. अपघाताच्या पहिल्या तासात श्रीमंत आणि गरीब असा भेद राहत नाही; रुग्णवाहिका नेईल तेथे जावे लागते. उपचार नीट झाले तर प्रश्न मिटला, आणि बहुतेक वेळा ते नीटच होतात, हे मान्य करावयास हवे. अपुऱ्या मनुष्यबळात आणि गर्दीत सरकारी डॉक्टर जेवढे काम उपसतात त्याची कल्पना बाहेर बसून येत नाही. परंतु चूक झाली, आणि चुकीमुळे माणूस गेला किंवा कायमचा अधू झाला, तर डाळीच्या पोत्यासाठी जो हिशेब तोंडपाठ असतो तो माणसासाठी कोणालाच ठाऊक नसतो. घरचे लोक रडतात, नशिबाला बोल लावतात, फार तर वॉर्डाच्या दारावर आरडाओरड करतात. चौथ्या दिवशी कोणी मंत्री मदत जाहीर करतो आणि प्रकरण तेथे संपले असे सगळे धरून चालतात.

ही मदत आणि कायद्याने देय असलेली नुकसानभरपाई या दोन निराळ्या गोष्टी आहेत. पहिली मर्जी आहे, दुसरे देणे आहे. मर्जीतून दिलेल्या रकमेला सरकारी भाषेत सानुग्रह अनुदान म्हणतात. 'अनुग्रह' हा शब्दच पुरेसा बोलका आहे. देणे मात्र वहीत उधारीच्या बाजूला लिहिले जाते आणि ते फेडेपर्यंत मिटत नाही. सरकारी रुग्णालयातील हलगर्जीपणाचे देणे सरकारच्या खाती लिहावयाचे की नाही, या प्रश्नावर आपल्या देशात दीडशे वर्षे वाद चालला, आणि विशेष म्हणजे त्या वादाचे बहुतेक महत्त्वाचे टप्पे व्यापाऱ्यांच्या फिर्यादींनी घडविलेले आहेत.

पहिला टप्पा एका गोदीतलाच. कलकत्त्याच्या खिदिरपूर येथील सरकारी गोदीत काही कामगार बोटीच्या धुराड्याचा लोखंडी भाग वाहून नेत होते. तो रस्त्यात आदळला, आवाजाने बग्गीचे घोडे बिथरले आणि एक घोडा जखमी झाला. बग्गी पेनिन्सुलर अँड ओरिएंटल या आगबोट कंपनीची. तिने ३५० रुपयांचा दावा लावला. १८६१ साली मुख्य न्यायाधीश सर बार्न्स पीकॉक यांनी निर्णय दिला की, जे काम एखादा खासगी व्यापारीही करू शकतो ते सरकार करीत असेल, तर सरकारी नोकरांच्या निष्काळजीपणाबद्दल सरकार जबाबदार आहे. मात्र राजसत्तेचे म्हणून जे काम, त्याबद्दल दावा चालणार नाही. या एका घोड्याच्या दुखापतीतून पुढील शतकाचा कायदा निघाला. कोणते काम राजसत्तेचे आणि कोणते सामान्य, एवढेच ठरविणे बाकी राहिले. पण तेच कठीण ठरले.

दुसरा टप्पा अधिक वेदनादायी आहे आणि सराफी पेढ्यांवर बसणाऱ्यांना तो आजही अस्वस्थ करील. अमृतसरची कस्तुरीलाल रलियाराम जैन ही सोन्याचांदीचा व्यापार करणारी पेढी. सप्टेंबर १९४७ मध्ये, फाळणीच्या धामधुमीत, पेढीचे भागीदार सोने व चांदी विकण्यासाठी मेरठला उतरले. पोलिसांनी संशयावरून त्यांना अडविले, माल जप्त केला आणि ठाण्यातील मालखान्यात ठेवला. दुसऱ्या दिवशी माणसाला सोडले, पुढे चांदीही परत केली. सोने मात्र परत आले नाही. सुमारे १०३ तोळे सोने घेऊन मालखान्याचा हवालदार पाकिस्तानात पळून गेला होता. सोने बँकेच्या किंवा कोषागाराच्या तिजोरीत ठेवावयास हवे होते, ते ठेवले नाही, म्हणजे पोलिसांनी हलगर्जीपणा केला हे न्यायालयालाही मान्य होते. तरीही सर्वोच्च न्यायालयाने पेढीचा दावा फेटाळला. अटक करणे, झडती घेणे, माल जप्त करणे हे राजसत्तेचे काम, म्हणून त्यातील चुकीबद्दल सरकार देणे लागत नाही, असा तो न्याय.

हा निकाल लिहिणारे सरन्यायाधीश प्रल्हाद बाळाचार्य गजेंद्रगडकर होते. निकाल देताना त्यांना स्वतःलाही समाधान नव्हते, हे त्याच निकालपत्रावरून दिसते. कायदा असा आहे म्हणून हा निकाल द्यावा लागतो, पण विधिमंडळाने आता या विषयावर नवा कायदा करावा, अशी अपेक्षा त्यांनी तेथेच नोंदविली. वस्तुतः त्याआधी १९५६ साली मोतीलाल सेटलवाड यांच्या अध्यक्षतेखालील विधी आयोगाने आपला पहिलाच अहवाल राज्याच्या दिवाणी जबाबदारीवर दिला होता. पुढे १९६७ मध्ये विधेयकही आले. ते संमत झाले नाही. आजतागायत असा कायदा झालेला नाही. जे काही झाले ते एकेका फिर्यादीच्या चिकाटीने न्यायालयात झाले.

अमृतसरच्या त्या पेढीचे सोने बुडाले एवढ्यावर गोष्ट थांबली असती तर ती एका घराण्याची हानी ठरली असती. पण न्यायनिर्णयाचे पाणी कोठून कोठे वाहील याचा नेम नसतो. मेरठच्या मालखान्याला मिळालेली ढाल पुढे मराठवाड्यातील एका प्रसूतिकक्षासाठी पुढे करण्यात आली.

ते प्रकरण औरंगाबादचे, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरचे. जुलै १९६३ मध्ये तेथील शासकीय रुग्णालयात एक स्त्री बाळंतपणासाठी दाखल झाली. १० तारखेला प्रसूती झाली, १३ तारखेला कुटुंबनियोजनाची शस्त्रक्रिया झाली. त्यानंतर ताप चढला, पोटात असह्य दुखू लागले. दिवस गेले, वेदना वाढत गेल्या. १९ तारखेला दुसऱ्या शल्यविशारदांनी पोट पुन्हा उघडले तेव्हा आत कापडी टॉवेल निघाला. पहिल्या शस्त्रक्रियेच्या वेळचा तो तेथेच राहिला होता. पाच दिवसांनी, २४ जुलैला, ती स्त्री मरण पावली. नवरा आणि लहान मुले मागे राहिली.

कुटुंबाने दिवाणी दावा लावला. मागणी पावणेदोन लाखांची होती. खालच्या न्यायालयाने ३६,००० रुपयांचा हुकूमनामा दिला. उच्च न्यायालयाने तो सरकारविरुद्ध रद्द केला आणि त्यासाठी आधार घेतला तो कस्तुरीलालच्या निकालाचा. रुग्णालय सरकारी आहे, त्यातील नोकरांच्या चुकीबद्दल राज्याला जबाबदार धरता येत नाही, असा तो विचार. पुढे सर्वोच्च न्यायालयात 'अच्युतराव हरिभाऊ खोडवा विरुद्ध महाराष्ट्र राज्य' या नावाने हे प्रकरण गेले आणि २० फेब्रुवारी १९९६ रोजी निकाल लागला. रुग्णालय चालविणे हे कल्याणकारी काम आहे, ते सरकारखेरीज इतरही करतात, म्हणून त्याला राजसत्तेचे काम म्हणता येत नाही, असे न्यायालयाने स्पष्ट केले. पोटात टॉवेल राहणे ही गोष्टच स्वतः बोलते, त्याला निराळा पुरावा लागत नाही. पहिल्या डॉक्टरची चूक की दुसऱ्याची की मदतनीसाची, हे दावेदाराने शोधून काढण्याचीही गरज नाही. सगळे सरकारचे नोकर, तेव्हा देणे सरकारचे.

या शेवटच्या मुद्द्याचे मोल रुग्णाच्या नातेवाइकालाच कळू शकते. शस्त्रक्रियागृहाच्या बंद दारामागे कोणी काय केले हे बाहेर बाकावर बसलेल्या माणसाला कसे कळावे? दुकानातील नोकराने गिऱ्हाइकाला खराब माल दिला तर गिऱ्हाईक मालकालाच विचारते, नोकराचे नाव शोधीत बसत नाही. हीच साधी नीती राज्याला लागू व्हावयास तेहतीस वर्षे लागली.

मधल्या काळात एका व्यापाऱ्यानेच वाट मोकळी केली होती, हेही नोंदवावयास हवे. आंध्र प्रदेशातील नागेंद्रराव आणि कंपनी ही खत व धान्याची पेढी. १९७५ मध्ये जीवनावश्यक वस्तू कायद्याखाली तिचा साठा जप्त झाला. बहुतांश माल परत देण्याचा आदेश झाला तेव्हा तो सडून निकामी झालेला होता. सर्वोच्च न्यायालयाने १९९४ मध्ये भरपाई मान्य केली आणि राजसत्तेच्या ढालीला कल्याणकारी राज्यात फारशी जागा उरलेली नाही असे मत दिले. कस्तुरीलालचा निकाल औपचारिकपणे आजही रद्द झालेला नाही. त्याच्या कक्षा मात्र आक्रसत गेल्या आहेत.

आता त्या ३६,००० रुपयांकडे जरा व्यापारी नजरेने पाहावे. १९६३ हे वर्ष जुन्या सराफांच्या चांगले लक्षात असेल. त्याच जानेवारीत मोरारजी देसाईंचे सुवर्ण नियंत्रण आले आणि चौदा कॅरटच्या दागिन्यांनी पेढ्यांवर अवकळा आणली. त्या सुमारास दहा ग्रॅम सोन्याचा भाव शंभर रुपयांच्या आसपास होता. त्या हिशेबाने मूळ रकमेत साडेतीन किलोहून अधिक सोने आले असते. १९९६ मध्ये भाव पाच हजारांच्या वर गेला होता. तेवढ्याच मूळ रकमेत सत्तर ग्रॅमच्या आसपास सोने येते. व्याज निराळे धरले तरी विलंब किती खातो हे यावरून दिसते. बँकेत कर्ज बुडीत निघाले तर त्याची तरतूद करावी लागते. न्यायालयात अडकलेल्या वर्षांची तरतूद मात्र दावेदारालाच आपल्या पोटाला चिमटा घेऊन करावी लागते.

या बाबतीत न्यायालयांची दृष्टी पुढे बदलली. चेन्नईतील एगमोरच्या सरकारी रुग्णालयात १९९६ मध्ये मुदतीपूर्वी जन्मलेल्या एका बालिकेच्या डोळ्यांची वेळेवर तपासणी झाली नाही आणि तिची दृष्टी गेली. राष्ट्रीय ग्राहक आयोगाने पाच लाख रुपये दिले. २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, पुढील आयुष्यभराचा उपचारखर्च आणि महागाई या दोहोंचा हिशेब मांडून, एकूण भरपाई सुमारे एक कोटी ऐंशी लाखांवर नेली. त्यातील मोठा भार तामिळनाडू सरकारवर पडला. महागाईचा हिशेब निकालपत्रात मांडणे हे ज्याला सुचले त्याला पैशाचे स्वरूप खरे कळले होते.

या चेन्नईच्या प्रकरणात दावा ग्राहक मंचात गेला होता, आणि येथे एक बारकावा आहे. १३ नोव्हेंबर १९९५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने 'इंडियन मेडिकल असोसिएशन विरुद्ध व्ही. पी. शांता' या प्रकरणात डॉक्टरांच्या सेवेला ग्राहक संरक्षण कायदा लागू केला, पण रुग्णालयांचे तीन प्रकार पाडून. जेथे सर्वांना पैसे पडतात ती कायद्याच्या कक्षेत. जेथे सर्वांनाच उपचार मोफत, ती कक्षेबाहेर. केसपेपरचे नाममात्र शुल्क घेतले तरीही बाहेरच. आणि जेथे काहींकडून पैसे घेतात व काहींना मोफत देतात, तेथे मोफत उपचार घेणाराही ग्राहक ठरतो. कारण पैसे भरणाऱ्यांच्या रकमेतूनच त्याचा खर्च निघतो.

हा तिसरा प्रकार आपल्या वाचकांनी दोनदा वाचावा. समाजातील अनेक कुटुंबे धर्मादाय रुग्णालयांच्या विश्वस्त मंडळांवर आहेत. वरच्या मजल्यावर पैसे देणाऱ्यांच्या खोल्या आणि खाली मोफत वॉर्ड, अशी रचना बहुतेक ठिकाणी असते. मोफत वॉर्डातील गरीब रुग्णाला 'आम्ही धर्म करतो, तू तक्रार कशाची करतोस?' असे म्हणण्याचा अधिकार अशा संस्थेला कायद्याने उरलेला नाही. दान देताना हात सैल सोडला म्हणून काळजी सैल सोडता येत नाही. नैतिकदृष्ट्या तो तसाही कधी नव्हता.

सर्वांना मोफत सेवा देणाऱ्या सरकारी रुग्णालयातील रुग्ण ग्राहक आयोगात जाऊ शकला नाही तरी तो निराधार होत नाही. दिवाणी न्यायालयाचे दार उघडे असते. खोडवा कुटुंबाने तेच ठोठावले होते. शिवाय उच्च न्यायालयात जगण्याच्या मूलभूत अधिकारावर आधारलेली याचिका करता येते. पश्चिम बंगालमध्ये रेल्वेतून पडून डोक्याला मार लागलेल्या एका शेतमजुराला एकामागून एक सरकारी रुग्णालयांनी खाट नाही म्हणून परत पाठविले होते. १९९६ मध्येच सर्वोच्च न्यायालयाने त्याला २५,००० रुपये भरपाई देवविली आणि पैशाची चणचण हे तातडीचा उपचार नाकारण्याचे कारण होऊ शकत नाही असे बजावले. ट्रेलरच्या चाकाखाली सापडलेल्या माणसासाठी हा निकाल उरणपासून मुंबईपर्यंत प्रत्येक दारावर लागू आहे.

न्हावा शेव्याच्या गोदामांत, कंटेनर यार्डांत आणि वाहतूक कचेऱ्यांत काम करणाऱ्यांपैकी अनेकांची गोष्ट आणखी निराळी. एकवीस हजारांपर्यंत मासिक वेतन असणाऱ्या, कायदा लागू असलेल्या आस्थापनेतील कामगारासाठी मालक वेतनाच्या ३.२५ टक्के आणि कामगार ०.७५ टक्के वर्गणी कर्मचारी राज्य विमा महामंडळाकडे भरतो. पुष्कळ मालक ही रक्कम दर महिन्याला डोळे मिटून भरतात आणि कर समजून विसरतात. तो कर नाही, विम्याचा हप्ता आहे. म्हणूनच २००७ मध्ये 'किशोरीलाल' प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की राज्य विमा रुग्णालयातील सेवा मोफत म्हणता येणार नाही. कामगार हा ग्राहक आहे आणि त्याला ग्राहक मंचात दाद मागता येते. ज्या मालकांनी आपल्या माणसांना ही गोष्ट कधी सांगितली नसेल त्यांनी ती सांगण्यास पैसा पडत नाही. रायगड जिल्ह्याचा ग्राहक आयोग अलिबागला आहे.

दिवाणी देण्याची बाजू ही अशी. फौजदारी बाजू मात्र वेगळी आहे आणि तेथे आपल्याकडे न्यायापेक्षा रागाचे प्रमाण अधिक असते. २००५ मध्ये 'जेकब मॅथ्यू' प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने घालून दिले की साध्या चुकीबद्दल डॉक्टरला गुन्हेगार ठरविता येणार नाही. हलगर्जीपणा ठळक आणि गंभीर हवा, आणि गुन्हा चालविण्यापूर्वी त्या शाखेतील निष्पक्ष डॉक्टरचे, शक्यतो सरकारी सेवेतील, मत घेतले पाहिजे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ मध्ये निष्काळजीपणाने मृत्यू घडविल्यास पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे, नोंदणीकृत डॉक्टरच्या बाबतीत ती दोन वर्षांपर्यंत आहे. याउलट वॉर्डात तोडफोड करणाऱ्या नातेवाइकाला महाराष्ट्राच्या २०१० च्या कायद्याखाली तीन वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते आणि नुकसानीच्या दुप्पट रक्कम भरावी लागते. ज्याचे येणे होते तोच अशा वेळी देणेकरी होऊन बसतो.

मोठ्या दुर्घटनांत तर व्यक्तीला पकडून व्यवस्था मोकळी सुटते. ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे भंडारा जिल्हा सामान्य रुग्णालयात नवजात शिशूंच्या कक्षाला आग लागली आणि दहा अर्भके दगावली. सरकारने प्रत्येक कुटुंबाला पाच लाखांची मदत जाहीर केली, चौकशी झाली, निलंबने झाली. ऑक्टोबर २०२३ च्या आरंभी नांदेडच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात चोवीस तासांत चोवीस मृत्यू झाले, त्यांत बारा नवजात बालके होती. मुंबई उच्च न्यायालयाने स्वतः होऊन दखल घेतली आणि खासगी रुग्णालयांतून अखेरच्या क्षणी रुग्ण आले, ताण वाढला, असे म्हणून सरकारला जबाबदारी झटकता येणार नाही असे सुनावले. रिकाम्या जागा, औषधखरेदीचा विलंब, विजेच्या तारांची देखभाल, यांवर कोणा परिचारिकेची सही नसते. ज्यांची असते ते त्या रात्री वॉर्डात नसतात.

औषधाच्या व्यापारात असलेल्या कुटुंबांना १९८६ ची आठवण आणखी जवळची वाटावी. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात ग्लिसरॉल दिलेले चौदा रुग्ण दगावले. औषध म्हणून जे दिले गेले त्यात डायएथिलीन ग्लायकॉल हे विष होते. कारखान्यात वापरावयाचा माल हात बदलत बदलत रुग्णाच्या तोंडापर्यंत पोहोचला होता. न्यायमूर्ती बख्तावर लेंटिन यांच्या आयोगाने खरेदीपासून अन्न व औषध प्रशासनापर्यंतच्या संपूर्ण साखळीवर झोत टाकला. त्या साखळीत वैद्यकशास्त्राचा दोष थोडा होता. निविदा, दर्जाचे दाखले, साठ्याची तपासणी, म्हणजे प्रत्येक व्यापाऱ्याला परिचित असलेली कामे तेथे कोणीच केली नव्हती.

तेव्हा आता मालाच्या बाबतीत जी दक्षता सहज घेतली जाते ती माणसाच्या बाबतीत कशी घ्यावी, एवढे सांगावयाचे राहते. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमांनुसार दाखल रुग्णाची कागदपत्रे तीन वर्षे जपावी लागतात आणि रुग्णाने किंवा त्याच्या अधिकृत प्रतिनिधीने मागितल्यास ७२ तासांत द्यावी लागतात. मागणी तोंडी करू नये. अर्ज लिहून त्याच्या प्रतीवर आवक शिक्का घ्यावा. सरकारी रुग्णालयात माहितीच्या अधिकाराचा अर्जही चालतो, आणि जीविताचा प्रश्न असेल तर त्याचे उत्तर ४८ तासांत मिळावयास हवे. मृत्यू संशयास्पद वाटत असेल तर शवविच्छेदनाचा आग्रह धरावा. ही गोष्ट त्या क्षणी फार जड जाते, घरातील वडीलधारे 'आता देहाची विटंबना नको' म्हणतात, आणि त्यांचे म्हणणे समजण्यासारखे असते. पण मृत्यूचे कारण कागदावर आले नाही तर पुढे कोणतेही न्यायालय ते अंदाजाने लिहून देत नाही.

मुदती निरनिराळ्या आहेत. ग्राहक आयोगात दोन वर्षे. १८५५ च्या प्राणघातक अपघात कायद्याखाली वारसांनी लावावयाच्या दाव्यालाही मृत्यूपासून दोन वर्षे. राज्य सरकारवर दिवाणी दावा लावण्यापूर्वी दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ८० प्रमाणे दोन महिन्यांची नोटीस शासनाच्या सचिवाला किंवा जिल्हाधिकाऱ्याला द्यावी लागते. रुग्ण सेतू ओलांडून मुंबई महापालिकेच्या रुग्णालयात गेला असेल तर प्रतिवादी बदलतो आणि नियमही बदलतात. मुंबई महापालिका अधिनियमाच्या कलम ५२७ मध्ये एक महिन्याची नोटीस आणि सहा महिन्यांच्या आत दावा अशी अट आहे. ती लागू पडते की नाही यावर वकील वाद घालू शकतील, पण तो वाद आपल्या दाव्यावर ओढवून घेण्यात शहाणपण नाही. सरकारी रुग्णालय आणि महापालिकेचे रुग्णालय हा फरक बाकावर बसलेल्या माणसाला दिसत नाही. केसपेपरच्या माथ्यावर मात्र तो छापलेला असतो.

आणि उरणहून किंवा पनवेलहून रुग्णाला पुढे पाठविताना जी संदर्भचिठ्ठी देतात, तिच्यावर रुग्ण किती वाजता आला, किती वाजता निघाला, काय दिले आणि का पाठविला, या चार गोष्टी लिहिल्या आहेत का, हे रुग्णवाहिकेचे दार लागण्यापूर्वी कोणीतरी पाहून घ्यावे. शक्य तर मोबाइलवर तिचे छायाचित्र काढावे. मूळ चिठ्ठी पुढच्या रुग्णालयात जमा होते आणि नंतर ती सापडावयास पुष्कळ वेळ लागतो.